नणंदेनं सोडलेला चेंडू

९ ऑक्टोबर

काडी,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. दादा म्हणतो, तिला थोडा वेळ दे. हा तोच दादा, जो लहानपणी माझ्या बाजूनं कधी एक शब्द बोलला नाही. बायकोची बाजू घ्यायला मात्र बोहल्यावरून उतरायच्या आत शिकला. असो, एका अर्थी बरंच झालं. फोनवर मी एक बोलले असते, तू दोन बोलली असतीस, आणि ज्याला ऑफसाइड अजून कळत नाही तो दादा मध्ये पडून काय करणार होता?

आधी इकडची खुशाली. आई बरी आहे. मी बरी आहे. गुडघा ठणठणीत आहे, त्याचं काही विचारू नकोस. ऑफिसात वीजबिलांच्या खिडकीवर परत बसायला लागले. काल एक आजोबा आले, चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाले, "तुम्हीच ना त्या, चेंडू सोडून दिलेल्या?" चौदा वर्षं देशाच्या फुटबॉल संघात मधल्या फळीत खेळले, किती चेंडू अडवले, किती पास दिले, आणि आता लोक मला न मारलेल्या चेंडूवरून ओळखतात! मी म्हटलं, "होय आजोबा, पण तुमचा दंड काही सोडता यायचा नाही." बिचारे हसले.

आता मुद्द्याचं. तू तिथंच होतीस, तरी लिहिते, कारण माझ्या बाजूनं ते कसं दिसलं हे तुला कळायला हवं. सामना संपत आला होता, बरोबरी होती, आणि विश्वचषकाला जायला बरोबरी आम्हाला पुरणार होती. तुमचा कॉर्नर आला. आमच्या गोलकीपरनं ठोसा मारून चेंडू बाहेर काढला, तो एक टप्पा पडून सरळ माझ्याकडे आला. माझं तोंड आमच्याच गोलकडे होतं. उजवा पाय उचलला, आता फक्त लाथ घालून बाजूला लांब पाठवायचा. आणि मागून तुझा आवाज आला. "सोड!"

मी सोडला. विचार केलाच नाही गं. अंग चोरून बाजूला झाले, चेंडू माझ्या शेजारून मागे गेला, तिथं तू होतीस, आणि तू मारलास. जाळं हललं तेव्हा मला कळलं की तुझ्या अंगावर दुसऱ्या रंगाचा शर्ट आहे.

क्लबमध्ये आपण जोडीनं खेळायचो तेव्हा तूच माझे मागचे डोळे होतीस. तुझे तीनच शब्द असायचे. 'वळ' म्हटलंस की मी न बघता वळायचे, 'परत' म्हटलंस की मागे द्यायचे, 'सोड' म्हटलंस की सोडायचे. एकदाही फसले नाही. म्हणून तर आईनं तुला सून करून घ्यायचं म्हटल्यावर मी सगळ्यात आधी हो म्हटलं होतं. दादाबरोबर तिकडे गेलीस, त्या देशाच्या तुझ्या नव्या संघात आपली भाषा येणारी तू एकटीच. तुझ्या मुलींना तो शब्द कळला नाही, रेफरीला कळला नाही. म्हणजे तो माझ्यासाठीच होता.

मला एवढंच सांग. मुद्दाम ओरडलीस, की तोंडातून निघून गेलं? मुद्दाम असेल तर मी तुझ्याशी कडाकडा भांडेन, आईकडे चुगली करीन आणि मोकळी होईन. निघून गेलं असेल तर काय करीन ते मलाही माहीत नाही. गोल केल्यावर तू नाचली नाहीस, डोक्यावर हात ठेवून उभी राहिलीस, ते मी बघितलं. त्याचा अर्थ लावून लावून डोकं पिकलं.

अजून एक दार उघडं आहे. नोव्हेंबरच्या शेवटी प्ले-ऑफ. तो जिंकलो तर आम्हीही विश्वचषकाला. तेहतिसाव्या वर्षी यापुढे मला कोण बोलावणार? मला तो सामना खेळायचाय, काडी. लवकर लिही.

तुझी नणंद (आणि ती होण्याआधीची सगळी)


२१ ऑक्टोबर

काडी,

उत्तर नाही. बरं. या वेळी रुसायची पाळी माझी होती, तीसुद्धा तूच घेऊन बसलीस!

तुझ्या सासूबाईंचं सांगते. सामना त्यांनी शेजारच्या काकूंबरोबर टीव्हीवर बघितला. काकूंनी विचारलं, तुम्ही कुणाच्या बाजूनं? आई म्हणाली, "ज्या पोरीकडे चेंडू, तिच्या." शेवटी गोल झाला तेव्हा काकू ढसाढसा रडायला लागल्या आणि आईच त्यांना पाणी देऊन समजावत होती, "अहो, लेक काय न सून काय, गोल घरातच राहिला ना?" मी घरी पोचले तर पहिला प्रश्न, "ती जेवली का गं सामन्यानंतर?" मी म्हटलं, मला काय माहीत, मी तिला गिळायच्या बेतात होते. "मग विचारायचं नाही का?" आपलेच दात, आपलेच ओठ, आता रागावणार कुणावर?

परवा महासंघाचे सचिव ऑफिसात आले. बिलांची रांग लागलेली, आणि हे खिडकीत तोंड घालून हळू आवाजात विचारतायत, "तिनं ओरडून तुला फसवलं का? प्रतिस्पर्ध्याला असं फसवणं नियमात बसत नाही. निकाल बदलणार नाही, पण तू बोललीस तर तिच्यावर बंदी आणता येईल. तुझंही नाव स्वच्छ होईल."

मी म्हटलं, टप्पा फसवा पडला. ते म्हणाले, "मग नजर कमी पडली असं समजायचं का आम्ही?" मी म्हटलं, समजा. त्यांचा सुंठीवाचून खोकला गेला. दुसऱ्या दिवशी माझी कप्तानपदाची पट्टी गोलकीपरच्या दंडावर गेली, आणि पेपरात आलं की वय कुणाला चुकलंय. हे मी उपकार म्हणून सांगत नाहीये, चिडून सांगतेय. माझ्या तोंडाला मी कुलूप घातलं ते तुझ्यासाठी, आणि तू तिकडे तुझ्या तोंडाला घालून बसलीस ते कुणासाठी?

दादा म्हणत होता, तिकडे सगळे तुला 'चलाख' म्हणतात आणि ते ऐकलं की तू टीव्ही बंद करतेस. मुद्दाम केलं असतंस तर बंद केला नसतास, असं मला वाटतं. पण वाटण्यावर माझं भागत नाही.

आज ऑफिसला उशीर झाला. लिफ्ट बंद होती आणि हल्ली जिन्यात माझ्यामागे फार माणसं खोळंबतात. असो. पुढच्या आठवड्यात शिबिराला जाते आहे. निवड झाली आहे, पण अकरांत असेन की नाही ते आमच्या प्रशिक्षक मॅडम ठरवतील.

तुझीच


४ नोव्हेंबर

काडे,

शिबिरातून लिहिते आहे. फोन आल्या आल्या टोपलीत जमा करून घेतले. रविवारी अर्धा तास परत मिळतात. खोलीत दोन पलंग, एक कपाट, आणि खिडकीतून दिसतो तो गाड्या लावायचा मोकळा पट्टा. दुसऱ्या पलंगावर रेडिओ.

रेडिओ म्हणजे एकोणीस वर्षांची पोर आहे, माझ्या जोडीला मधल्या फळीत आणली आहे. झोपेत सोडून सतत बोलते, म्हणून हे नाव. मनातल्या मनात म्हणायचं होतं की कानामागून आली आणि तिखट झाली, पण काय करू, पोरगी खरंच चांगली खेळते. आदबशीरही आहे. मैदानात ओरडते ते असं: "वळा ताई! परत द्या ताई! सोडा ताई!" तिचं 'ताई' होईपर्यंत चेंडू पुढच्या गल्लीत पोचलेला असतो. मी तिला म्हटलं, मैदानात 'ताई' नको आणि 'अहो-जाहो' तर मुळीच नको. तर म्हणे, "मग घरी आई रागावेल, ताई."

पण दुखणं तिचं नाही, माझं आहे. ती ओरडली की मी आधी तिच्याकडे वळून बघते. खरंच आमचीच आहे ना, शर्ट आमचाच आहे ना. तेवढ्यात समोरची येऊन चेंडू घेऊन जाते. मधल्या फळीतल्या बाईनं चेंडू यायच्या आधी मागे बघायचं असतं, आल्यावर नाही, हे मीच पोरींना शिकवत आले!

मॅडमच्या लक्षात आलं. त्यांनी एक सामना मुकाट्यानं खेळायला लावला. कुणी शब्द काढायचा नाही. त्यात मी सगळ्यांत सरस. मग तोंडं उघडायला परवानगी दिली आणि माझ्याकडून एकामागून एक चेंडू गेले. मॅडमनी मला सामानाच्या खोलीत नेलं, जाळ्यांच्या आणि शंकूंच्या पसाऱ्यात. म्हणाल्या, "तुझ्या कानांना काय झालंय?"

सांगितलं त्यांना. सगळं. त्यांनाच फक्त. त्या चेंडूंच्या पोत्यावर बसल्या आणि शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाल्या, "ही गोष्ट या खोलीबाहेर जाणार नाही. पण मधल्या फळीत बहिरी बाई मला चालायची नाही. पुढच्या आठवड्यापर्यंत ऐकायला लाग, नाहीतर मी दुसरी बघते."

तुझ्या एका शब्दावर माझा प्ले-ऑफ अडकला आहे. तुझ्या आवाजानं मला मुद्दाम फसवलं असेल, तर मग मी कुणाच्याच आवाजावर कसा विश्वास ठेवू, सांग. चौदा वर्षांच्या शेवटी मला हे नकोय. मला खेळून संपवायचंय.

बर्फाच्या पाण्यात रोज सगळ्याच बसतात. मी थोडी जास्त बसते, तिथं शांत असतं म्हणून. काही मनात आणू नकोस.

वाट बघणारी


१२ नोव्हेंबर

माझी काडी,

काल रविवार होता. फोन हातात आला आणि दादाचाच वाजला. आमचा संवाद असा झाला.

"तिनं निरोप दिलाय. नीट ऐक, मला पाठ करायला लावलाय. गोलामागच्या कॅमेऱ्यातून बघ म्हणावं त्या मूर्ख बाईला. आणि म्हणावं, गुडघा डॉक्टरला दाखव."

"म्हणजे काय?"

"मला काय कळतंय? मी विचारलं तर म्हणाली, तुम्ही फक्त सांगा. कॅमेरा गोलामागं का ठेवतात गं?"

त्याला समजावत बसले नाही. तशीच मॅडमकडे गेले. टीव्हीवर दाखवतात ते चित्र बाजूचं असतं, त्यात माझ्या डावीकडे नुसती गर्दी दिसते. गोलामागचं चित्र आम्ही कुणीच बघितलं नव्हतं, हरलेला गोल परत परत बघायची हौस कुणाला असते? मॅडमनी ते मागवून लावलं.

दिसलं, काडी. चेंडू माझ्याकडे येतोय, मी उजवा पाय उचललाय, सगळा भार डाव्या पायावर. आणि डाव्या हाताला, माझ्या नजरेच्या मागे, तुमची ती धिप्पाड खेळाडू जमिनीवरून घसरत येतेय, दोन्ही बुटांचे खिळे वर करून, थेट माझ्या गुडघ्यावर. तू तिच्याकडे बघतेस. तुझं तोंड उघडतं. मी बाजूला होते आणि जिथं माझा गुडघा होता तिथून तिचे बूट जातात. मग चेंडू तुझ्यासमोर येतो आणि तुझा पाय त्याला मारतो. मारल्यावर तुझा चेहरा बघण्यासारखा आहे. कुणीतरी दुसऱ्यानंच गोल केल्यासारखा.

मॅडम म्हणाल्या, "तोंड तुझ्या बाजूचं, पाय तिकडच्या बाजूचा." मी तिथंच रडायला लागले. चांगली तेहतीस वर्षांची बाई, नाक शर्टाला पुसत.

अगं वेडे, तू कुठल्या संघातून खेळतेस तेच विसरलीस! आणि मी कुठल्या संघातून, ते मी विसरले. अशी चूक जगात दुसऱ्या कुठल्या दोघी करतील? आता कळलं तू गप्प का होतीस. स्वतःच्या संघाच्या मारापासून समोरच्या संघातल्या बाईला वाचवलं हे तिकडे कळलं, तर तुला पुन्हा तो शर्ट मिळणार नाही. इतकी वर्षं थांबून मिळालेला शर्ट. नको सांगूस. कुणालाही नको. म्हणू देत चलाख. ही गोष्ट तू, मी आणि मॅडम. दादाला कळली आहे असं समजायचं कारण नाही.

आणि आता गुडघा. सामन्याआधी पाय मोकळे करताना तू पलीकडून मला बघत होतीस, हो ना? मी डाव्या पायावर वळायचं टाळत होते, ते आमच्या डॉक्टरांना नाही दिसलं, मॅडमना नाही दिसलं. तुला अर्ध्या मैदानावरून दिसलं. शस्त्रक्रियेनंतर बरा झाला होता तो, खरंच. गेल्या हिवाळ्यापासून पुन्हा कुरकुरतोय. आईला माहीत नाही. जिन्याचं मी लिहिलं त्यातूनच तुला कळलं असेल म्हणा.

मॅडमनी एवढंच विचारलं, "तिला जे दिसलं ते खरं आहे?" मी मान हलवली. उद्या डॉक्टर.

तुझ्या पाया पडावं असं वाटतंय. पण तू भावजय, मी नणंद, तुझ्या डोक्यात जाईल.


१७ नोव्हेंबर

काडी,

डॉक्टर म्हणाले, एक सामना निघेलही. पण त्याच जागी मार बसला तर पुढे जिना चढायलाही कठडा लागेल. मॅडम म्हणाल्या, निर्णय तुझा.

गंमत बघ. कान बरे झाले! त्या रविवारपासून रेडिओ 'सोडा' म्हणाली की मी सोडते, 'वळा' म्हणाली की वळते, मागे बघायची गरज वाटत नाही. काल मॅडम म्हणाल्या की गेल्या दोन वर्षांत मी इतकी चांगली खेळले नव्हते. कान परत आले आणि पाय जायला लागला. देव देतो तेव्हा सुटे पैसे नसल्यासारखं अर्धंच देतो.

मला खेळायचंय. लहान मूल खेळण्यासाठी हटून बसतं तसं बसावंसं वाटतंय. तू काय म्हणशील ते मला माहीत आहे, म्हणून विचारत नाही.


२९ नोव्हेंबर

काडी,

जिंकलो. तू बघितलंच असशील, तरी माझ्याकडून ऐक. एक-शून्य. रेडिओचा पास. विश्वचषकाला जाणार आमच्या मुली.

मी खेळले नाही. का, ते फक्त तुला सांगते. आदल्या दिवशीच्या सरावात एक चेंडू आला, अगदी माझा, आणि पलीकडून एक पोरगी त्याच्यावर धावत आली. मी अंग चोरलं. कुणीही ओरडलं नव्हतं. कुणाला दिसलंही नाही, मॅडम तेव्हा गोलकीपरशी बोलत होत्या. लपवता आलं असतं. पण मधल्या फळीतली बाई मनातून मागे सरली की तिथं भोक पडतं, आणि त्या भोकातून सगळा संघ वाहून जातो. मी मॅडमकडे गेले आणि म्हटलं, मला बाकावर बसवा. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि अकरांतून माझं नाव खोडलं.

खोलीत येऊन रेडिओला सांगितलं की उद्या मी तुझ्याबरोबर नाही. ती पोर पहिल्यांदाच गप्प झाली. मग म्हणाली, "ताई, मग मी कुणाशी बोलू?" मी म्हटलं, सगळ्यांशी बोल, आणि 'ताई' काढून बोल.

आता बाकाबद्दल. तू आमच्या संघाचा शर्ट घालून सहा वर्षं या बाकावर बसलीस. जागा एक होती आणि तिच्यावर मी होते. एक मिनिटही खेळवलं नाही तुला, म्हणून तर तिकडच्या संघातून खेळायला मोकळी राहिलीस. हे मला सगळं माहीत होतं, पण बाक कसा असतो ते माहीत नव्हतं. तिथून मैदान इतकं सपाट दिसतं की कुठं मोकळी जागा आहे ते कळत नाही. पाय गार पडतात. मॅडम उठून उभ्या राहिल्या की छातीत धस्स होतं, आता माझं नाव घेतील म्हणून. मी स्वतः नाव काढून घेतलं होतं, तरी दर वेळी होत होतं!

रेडिओनं तो पास दिला तेव्हा मी उठून टाळ्या वाजवल्या. खऱ्या होत्या त्या, काडी. ओरडून ओरडून घसा बसलाय माझा. पण त्याच वेळी 'हा पास माझा होता' असं मनात आलं आणि मी जाकिटाची चेन नाकापर्यंत ओढून घेतली, तोंड कुणाला दिसू नये म्हणून. आनंद आणि ते दुसरं, दोन्ही एकदम. आईला हे सांगितलं तर ती गरम पाणी करून देईल. मॅडमना सांगितलं तर वाईट वाटेल. म्हणून तुला.

सामना संपला आणि सगळ्या मैदानात धावल्या. मी बाकावरच बसून राहिले थोडा वेळ. एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. जी बाई त्या जागेवर होती म्हणून तुला कधी आत जाता आलं नाही, तिचाच गुडघा जाताना तुला दिसला. तुझा संघ वेगळा, सामना तुमच्या हातातला. तू गप्प राहिली असतीस तर कुणी तुला दोष दिला नसता, मीही नाही. आणि तू ओरडलीस.

ती सहा वर्षं तुला दर सामन्याला माझ्यासारखंच व्हायचं का गं? टाळ्या वाजवताना?

लिहून पाठवू नकोस. रजा मंजूर झाली आहे, आईनं बॅग भरून दाराशी आणून ठेवली आहे, आणि पुढच्या शनिवारी आम्ही दोघी तुझ्या दारात उभ्या असू. मला ते तुझ्या तोंडून ऐकायचंय.